हमामखान्यापासून फ्रीडरिशबाडपर्यंत

'हमाम' म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना आधी साबणाची वडी आठवते. टाटांच्या त्या साबणाने तीन-चार पिढ्यांच्या अंघोळी पार पाडल्या. थोडा इतिहास वाचलेल्यांना जुन्या वाड्यांतला आणि किल्ल्यांतला 'हमामखाना' आठवेल. जर्मनीत राहणाऱ्या आपल्या मंडळींना मात्र हा शब्द आणखी एका ठिकाणी भेटतो. बर्लिन, हॅम्बुर्ग, कोलोन अशा शहरांतून फिरताना एखाद्या दारावर 'हमाम' अशी पाटी दिसते आणि आत काय असेल याचं कुतूहल वाटतं. काही जण आत जाऊन ताजेतवाने होऊन येतात. पुष्कळ जण "चारचौघांत कसली अंघोळ!" म्हणून पुढे निघून जातात.

या लेखात आम्ही दोन प्रश्न घेऊन हमामचा अभ्यास करायचं ठरवलं. पहिला प्रश्न असा, की ही स्नानाची रीत इथे जर्मनीत कुठून आणि कोणत्या वाटेने आली? दुसरा प्रश्न, ही दारं कुणाकुणासाठी उघडी होती? शोधता शोधता लक्षात आलं, की हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

शब्द आणि वास्तू

'हम्माम' हा अरबी शब्द. त्याच्या मुळाशी 'तापणे, तापवणे' हा अर्थ आहे. फारसीतून तो हिंदुस्थानात आला आणि मराठीत 'हमाम', 'हमामखाना' म्हणून रुळला. म्हणजे शब्दातच सगळं आलं: जिथे तापवलं जातं ती जागा.

कल्पनेचा उगम मात्र अरबांच्याही आधीचा, रोमन काळातला आहे. रोमन लोक जिथे गेले तिथे त्यांनी सार्वजनिक स्नानगृहं बांधली. जर्मनीत ट्रिअर गावी त्यांचे प्रचंड अवशेष आजही बघायला मिळतात. त्यांची युक्ती अशी होती: जमीन बुटक्या खांबांवर उचलून धरायची, बाजूच्या भट्टीतली गरम हवा त्या पोकळीतून फिरवायची आणि मग भिंतीतल्या नळ्यांतून वर न्यायची. आपल्याकडच्या तांब्याच्या बंबाच्या पोटातून जशी नळी जाते आणि तिच्या उष्णतेने भोवतीचं पाणी तापतं, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे अख्खी खोलीच बंब असते!

सातव्या शतकात अरब सीरिया, पॅलेस्टाइन, इजिप्त या रोमन प्रदेशांत आले तेव्हा ही स्नानगृहं चालू होती. त्यांनी ती मोडली नाहीत, आपल्या गरजेप्रमाणे बदलून घेतली. रोमन स्नानगृहाला जोडून व्यायामाचं मोठं पटांगण असे, ते गेलं. थंड पाण्याचं भव्य दालन आक्रसलं. कपडे बदलून विसावायची जागा मात्र ऐसपैस झाली. जॉर्डनच्या वाळवंटात 'कुसैर अम्रा' नावाची एक छोटी वास्तू आहे. आठव्या शतकाच्या पूर्वार्धात उमय्यद राजपुत्र वलीदने ती बांधवली. तिच्या गरम दालनाच्या घुमटात आतून नक्षत्रांचं आकाश रंगवलेलं आहे. १९८५ साली युनेस्कोने तिचा जागतिक वारशात समावेश केला. पाठीवर गरम पाणी घेता घेता डोक्यावरची राशीचक्रं बघायची, ही रसिकता तेराशे वर्षांपूर्वीची आहे.

आत नेमकं होतं काय?

हमामचा क्रम जवळपास सगळीकडे सारखा असतो. आधी थंड दालन, मग कोमट, मग कडक गरम. शरीराला धक्का न देता हळूहळू तापवायचं. अंगाला एक सुती पंचा गुंडाळलेला असतो. तुर्की लोक त्याला 'पेश्तेमाल' म्हणतात. गरम दालनाच्या मधोमध संगमरवरी ओटा असतो, त्यावर आडवं व्हायचं. त्वचा मऊ झाली की खरखरीत कापडाचा हातमोजा घेऊन माणूस अंग घासून देतो. मळाच्या वळ्या निघतात आणि आपण रोज अंघोळ करतो हा आपला अभिमान तिथल्या तिथे गळून पडतो. मग साबणाचा फेस, आणि शेवटी वाडग्याने अंगावर पाणी. हे काम करणाऱ्या पुरुषाला तुर्कीत 'तेल्लाक' आणि बाईला 'नातिर' म्हणतात. अनुभवी नातिरला पाठीला हात लावल्यावर कळतं, कुठे जोर द्यायचा आणि कुठे नाही.

आता यातली मराठी माणसाला जवळची वाटणारी गोष्ट. जुन्या तुर्की हमाममध्ये सहसा टब नसतो. साचलेल्या पाण्यात बसायचं नाही. भिंतीजवळ संगमरवरी कुंडी असते, तिच्यातून वाडग्याने पाणी घेऊन अंगावर ओतायचं. नमाजाआधीच्या शुद्धीसाठी वाहतं पाणी चांगलं, या समजुतीचा त्यात मोठा वाटा आहे. आपल्या घंगाळ-तांब्याचीही हीच रीत नाही का? वापरलेलं पाणी मोरीतून निघून जातं, त्यात पुन्हा कोणी बसत नाही. जर्मनीत नव्याने आलेल्या आपल्या आई-बाबांना टबमध्ये बसणं विचित्र वाटतं आणि ते टबातच बादली ठेवून अंघोळ करतात, त्यामागे हीच जुनी सवय आहे. दिवाळीतलं अभ्यंगस्नान आठवा: तेल, चोळणं, उटणं, कढत पाणी, आणि टाचांसाठी वज्री. ऊब, घर्षण आणि ओतलेलं पाणी या तीन गोष्टी दोन्हीकडे आहेत. आपलं स्नान घरात झालं, त्यांचं गावात झालं, एवढाच मोठा फरक.

आपल्याकडचा हमाम

'गावातलं स्नान' आपल्याकडे अजिबात नव्हतं असं मात्र नाही. नदीचा घाट हे आपलं सार्वजनिक स्नानगृहच. तापवलेल्या दालनांचे हमाम मात्र मुख्यतः राजवाड्यांतून आणि किल्ल्यांतून होते. जळगावच्या पलीकडे तापीकाठी बुऱ्हाणपूर आहे. आज ते मध्य प्रदेशात असलं तरी तिथल्या बोलीत आणि घराघरात मराठी आहे. तिथल्या शाही किल्ल्यात मोगल काळातला हमाम अजून उभा आहे, छतावर रंगीत नक्षी आहे. शाहजहानने तो मुमताजमहलसाठी बांधला असं सांगतात. हीच मुमताज १६३१ साली बुऱ्हाणपुरातच बाळंतपणात वारली. याच शहराला पाणी पुरवण्यासाठी १६१५ च्या सुमारास डोंगराच्या पोटातलं पाणी भुयारांतून आणणारी 'कुंडी भंडारा' ही योजना झाली. तिची धाटणी पर्शियन होती. म्हणजे हमामचा शब्दच नव्हे, त्यासाठी लागणारी पाण्याची विद्याही त्याच वाटेने आपल्याकडे पोचली होती.

उलट दिशेनेही काही गेलं. पाटण्याला १७५९ साली जन्मलेले साके दीन महोमेत पुढे इंग्लंडात ब्रायटनला जाऊन राहिले. तिथे त्यांनी वाफेचं स्नान आणि मालिश यांचा व्यवसाय इतका नावारूपाला आणला, की चौथ्या जॉर्ज राजाने त्यांना आपल्या सेवेत नेमलं. आपल्या उपचाराला ते 'शाम्पू' म्हणत. चांपणे-चेपणे याच कुळातला हा शब्द. आज तो जगभर केसांच्या बाटलीवर बसला आहे. 'पाय चेपणे' म्हणताना आपण त्या बाटलीच्या पूर्वजाचं नाव घेतो, हे किती जणांच्या ध्यानात येतं?

कुणी कोणत्या वारी यायचं?

अरबी स्नानगृहं युरोपात पहिल्यांदा मोठ्या संख्येने झाली ती स्पेनमध्ये. ग्रानाडाच्या अल्हाम्ब्रा राजवाड्यातला हमाम, आणि त्याच शहरातला 'एल बान्युएलो' हा जुना सार्वजनिक हमाम, आजही बघता येतात. घुमटांना ताऱ्यांच्या आकाराची भोकं पाडलेली असतात, त्यांतून उन्हाचे कवडसे खाली येतात.

ख्रिस्ती राजांनी ही शहरं जिंकून घेतल्यावरही हमाम लगेच बंद पडले नाहीत. कुएन्का शहराला बाराव्या शतकाच्या अखेरीस जी कायद्यांची सनद मिळाली, तिच्यात स्नानगृहाचे वार ठरवून दिले होते. मंगळवार, गुरुवार, शनिवार पुरुषांसाठी. सोमवार आणि बुधवार बायकांसाठी. शुक्रवार आणि रविवार ज्यूंसाठी. याला सलोखा म्हणायचं की वेगळं ठेवणं म्हणायचं, हे ज्याने त्याने ठरवावं. एवढं खरं, की सगळ्यांना गरम पाणी मिळत होतं, फक्त एकाच दिवशी नव्हे.

पुढे तेही गेलं. १५६७ साली दुसऱ्या फिलिप राजाच्या हुकुमाने ग्रानाडातल्या मोरिस्कोंचे, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांच्या वंशजांचे, हमाम बंद झाले. त्यांची भाषा, त्यांचा पोशाख आणि त्यांची अंघोळ या तिन्हींवर एकदम बंदी आली. फ्रान्सिस्को नुन्येझ मुलेय या वृद्ध गृहस्थाने सरकारदरबारी लेखी कैफियत मांडली. हमाम स्वच्छतेसाठी आहेत, त्यांचा धर्माशी संबंध जोडू नका, असा त्याचा युक्तिवाद होता. कोणी ऐकलं नाही. पुढच्याच वर्षी बंड झालं. माणसाची अंघोळ हासुद्धा सत्तेच्या संशयाचा विषय होऊ शकतो, हे या प्रकरणातून दिसतं.

पाणी कुणी वापरायचं हा प्रश्न आपल्याला परका नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा तेही सार्वजनिक तळंच होतं. कागदोपत्री खुलं होतं, प्रत्यक्षात नव्हतं. स्पेनची गोष्ट वाचताना आम्हांला महाड आठवलं. दुसऱ्याच्या इतिहासाला बोट दाखवण्याआधी आपलाही आठवावा, म्हणून इथे लिहिलं.

जर्मनीतली जुनी न्हाणीघरं

जर्मनीतही मध्ययुगात गावोगाव 'बाडेश्टूबे' म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरं होती. चालवणारा तो 'बाडर'. अंघोळ घालणं, केस कापणं, तुंबड्या लावणं, दात उपटणं ही सगळी कामं तोच करी. आपल्याकडे तुंबड्या लावणारा न्हावी असे, तसाच. आणि आपल्यासारखंच, सगळ्यांना त्याची गरज, पण अनेक ठिकाणी त्याचा धंदा हलका मानलेला! सोळाव्या-सतराव्या शतकांत साथीचे रोग, गरमीच्या रोगाची धास्ती आणि महागलेलं जळाऊ लाकूड यांमुळे ही न्हाणीघरं एकामागून एक बंद पडत गेली.

एकोणिसाव्या शतकात युरोपला पूर्वेकडच्या स्नानाची पुन्हा ओढ लागली. सुरुवातीला ती दिखाव्याचीच होती. श्टुटगार्टचं 'विल्हेल्मा' आपल्या बहुतेक कुटुंबांनी पाहिलं असेल. मुलांना हत्ती-माकडं दाखवायला आपण जातो. पण त्याची मूळ कल्पना प्राणिसंग्रहालयाची नव्हती. व्यूर्टेम्बर्गचा राजा पहिला विल्हेल्म याला कानश्टाटच्या खनिज पाण्याच्या झऱ्यांजवळ एक स्नानगृह हवं होतं, तेही मूर म्हणजे स्पेनच्या अरबांच्या शैलीत. कार्ल लुडविग फॉन त्सान्ट या वास्तुकाराने १८४० च्या दशकात ते उभारलं. नालाकृती कमानी, रंगीत पट्टे, कोरीव जाळ्या असा सगळा अल्हाम्ब्राचा थाट. पुढच्या वेळी गेलात तर प्राण्यांबरोबर त्या कमानींकडेही बघा. एका राजाची अंघोळीची हौस, पुढे हत्तींच्या वाट्याला आली!

आयर्लंडमार्गे बाडेन-बाडेन

कमानींची नक्कल सोपी असते, स्नानाची खरी पद्धत आणायला माणूस लागतो. तो माणूस डेव्हिड अर्कहार्ट. हा स्कॉटिश मुत्सद्दी इस्तंबूलला राहिला होता, पुढे स्पेन आणि मोरोक्कोत फिरला. १८५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने मुरांच्या आणि तुर्कांच्या स्नानाचं मोठ्या प्रेमाने वर्णन केलं. आपल्या देशातल्या गरीब माणसांना असं गरम स्नान मिळालं पाहिजे, हा त्याचा ध्यास होता.

ते पुस्तक आयर्लंडमध्ये कॉर्कजवळ जलोपचाराचं केंद्र चालवणाऱ्या डॉ. रिचर्ड बार्टर यांच्या हाती पडलं. त्यांनी अर्कहार्टला बोलावून घेतलं आणि १८५६ साली दोघांनी मिळून तिथे हमामच्या धर्तीचं स्नानगृह बांधलं. पुढे बार्टर यांनी रोमन अवशेषांचा आधार घेऊन हवा जास्त कोरडी केली, कारण कोरडी उष्णता माणसाला जास्त सोसते. घाम वाळत जातो आणि अंग थंड राहतं. मुंबईच्या मे महिन्यापेक्षा नागपूरचा जास्त आकड्याचा उन्हाळा काहींना कमी चिकट वाटतो, त्यामागचं कारणही हेच.

ही पद्धत मग जर्मनीत आली. बाडेन-बाडेनला रोमन काळापासून गरम पाण्याचे झरे आहेत. एकोणिसाव्या शतकात मात्र गावाची भरभराट झाली ती जुगारावर. १८७२ च्या अखेरीस जर्मन साम्राज्यात जुगारघरं बंद झाली आणि गावापुढे पोटापाण्याचा प्रश्न आला. तेव्हा भिस्त होती ती नव्या भव्य स्नानगृहावर. कार्ल डेर्नफेल्ड या वास्तुकाराने बांधलेलं 'फ्रीडरिशबाड' १८७७ साली सुरू झालं. त्याच्याच तळाशी दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन स्नानगृहाचे अवशेष आहेत. याच गावाचा २०२१ साली युरोपातल्या अकरा मोठ्या स्नाननगरांपैकी एक म्हणून जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

फ्रीडरिशबाडचा पारंपरिक क्रम सतरा टप्प्यांचा आहे. शॉवर, मग ५४ अंशांची उबदार हवा, मग ६८ अंशांची गरम हवा, साबण आणि ब्रशने घासणं, ४५ आणि ४८ अंशांची वाफ, त्यानंतर ३६ अंशांपासून २८ अंशांपर्यंत उतरत जाणारी पाण्याची कुंडं, १८ अंशांची थंड बुडी, गरम टॉवेल, आणि शेवटी पांघरूण घेऊन अर्धा तास विश्रांती. यातली पहिली पावलं नीट पाहा. हळूहळू वाढणारी उष्णता आणि तापलेल्या अंगाचं घर्षण, हा सरळ सरळ हमामचा क्रम आहे. कुंडांचा भाग रोमन आणि स्थानिक झऱ्यांचा.

आता नावाकडे बघा. या पद्धतीला जर्मनीत 'रोमन-आयरिश स्नान' म्हणतात. रोम आलं, आयर्लंड आलं. मधली हजार-बाराशे वर्षं ज्यांनी ही विद्या जिवंत ठेवली ते अरब, मूर आणि तुर्क नावातून गळले. गंमत अशी, की स्पेनमध्ये गिरोना इथे एक स्नानगृह 'अरबी स्नानगृह' म्हणून प्रसिद्ध आहे. ते ११९४ साली ख्रिस्ती राजवटीत, रोमनेस्क शैलीत बांधलेलं! अरबांनी न बांधलेल्या वास्तूवर अरबांचं नाव, आणि ज्यांच्याकडून पद्धत घेतली त्यांचं नाव पाटीवर नाही. कुणी मुद्दाम केलं असं आम्ही म्हणत नाही. पण पाटी वाचून इतिहास समजला असं मानू नये, एवढा धडा नक्की मिळतो.

एका दानाची गोष्ट

त्या काळात सामान्य जर्मन माणसाच्या घरी न्हाणीघर नसायचं. बर्लिनचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. ओस्कार लासार यांनी प्रत्येक जर्मन माणसाला आठवड्यातून निदान एक अंघोळ मिळावी, अशी मागणी लावून धरली. १८८३ साली बर्लिनच्या आरोग्य प्रदर्शनात त्यांनी शॉवरचं सार्वजनिक स्नानगृह उभारून दाखवलं. आठवड्यातून एकदा हे वाचून आपल्याला हसू येईल. पण थंडीच्या दिवसांत, कोळसा विकत घेऊन, चौथ्या मजल्यावर पाणी तापवायचं म्हणजे काय, याचा विचार केला की हसू मावळतं.

म्युनिकचे अभियंते कार्ल म्युलर यांनी आपली घरं शहराला दान दिली, अट एकच: त्या पैशातून परिस्थितीने गरीब असलेल्या लोकांसाठी स्नानगृह बांधायचं. कार्ल होखेडर या वास्तुकाराने इझार नदीकाठी ते बांधलं आणि १९०१ साली 'म्युलरशेस फोल्क्सबाड' सुरू झालं. गरिबांसाठी आहे म्हणून ते कसंबसं उरकलं नाही. घुमट, कमानी, नक्षी, आणि सोबत रोमन-आयरिश घामस्नानाची दालनंही. तळघरात कुत्र्यांना आंघोळ घालायची सोयसुद्धा होती! गरिबाला द्यायचं तर उरलंसुरलं द्यायचं नाही, हे या इमारतीकडे पाहिलं की पटतं.

हीच दारं पुढे काहींच्या तोंडावर बंदही झाली. १९३३ नंतर नाझी राजवटीत एकामागून एक शहरांनी ज्यूंना सार्वजनिक स्नानगृहांत यायला मनाई केली. कुएन्काच्या सनदेत निदान दोन वार तरी होते.

क्रॉइत्सबर्गच्या बायका

३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला. त्यानंतर आलेली कुटुंबं बर्लिनमध्ये क्रॉइत्सबर्गच्या जुन्या चाळवजा इमारतींत राहू लागली. तिथे संडास जिन्यात, न्हाणीघर बहुधा नाहीच. गिरगाव-परळच्या चाळी पाहिलेल्यांना जास्त सांगायला नको.

याच वस्तीत एक बंद पडलेला चॉकलेटचा कारखाना होता. १९८१ साली स्त्रियांच्या एका गटाने तिथे ताबा घेऊन स्त्रियांचं केंद्र उभं केलं. त्याचं नावच पडलं 'शोकोफाब्रिक'. १९८८ साली तिथे फक्त स्त्रियांसाठी हमाम सुरू झाला. जर्मन बाई आणि तुर्की बाई एकाच गरम दगडावर पहुडायच्या. घरात सासू-नणंदा, कारखान्यात मुकादम, रस्त्यात अनोळखी नजरा; यांपैकी काहीच नसलेली एक उबदार जागा, चार घटका आपली.

अर्कहार्टने पुस्तकातून जे आणलं, तेच सव्वाशेहून अधिक वर्षांनी या बायकांनी आपल्या अंगवळणातून आणलं. यावेळी पाटीवर खरं नाव होतं: हमाम.

जायचं असेल तर

अभ्यास झाला, आता थोडं उपयोगाचं. आमच्या मंडळींत नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं अशी:

* कपड्यांचं काय? हमाममध्ये साधारणपणे पंचा गुंडाळलेला असतो. जर्मन घामस्नानात आणि फ्रीडरिशबाडसारख्या ठिकाणी विवस्त्र जाण्याची परंपरा आहे आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. स्त्रियांचे वेगळे दिवस आहेत का, पोहण्याचे कपडे चालतात का, हे आधी फोन करून विचारावं. संकोच वाटत असेल तर फक्त स्त्रियांच्या किंवा फक्त पुरुषांच्या दिवसापासून सुरुवात करावी.
* दागिने? मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या घरी ठेवाव्यात. धातू तापतो आणि चटका बसतो. चष्माही आत नेऊ नये.
* खाणं-पिणं? भरल्या पोटी जाऊ नये, उपाशीही जाऊ नये. आधी आणि नंतर भरपूर पाणी प्यावं. त्या दिवशी मद्य टाळावं.
* कुणी जपावं? उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि नाडी वाढते. म्हणून हृदयविकार, कमी-जास्त रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. ओट्यावरून उठताना आधी बसावं, मग उभं राहावं, नाहीतर घेरी येते. थंड बुडी सगळ्यांना मानवत नाही, ती टाळली तर काही बिघडत नाही.
* घामातून विष निघतं का? जाहिरातींत तसं छापतात. ते काम मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडं करतात. हमामने स्नायू सैलावतात, त्वचा स्वच्छ होते, झोप छान लागते. एवढा फायदा पुरे आहे की!
* बोलावं का? तुर्की हमाममध्ये हलक्या आवाजात गप्पा चालतात. जर्मन घामस्नानात शांतता पाळतात. जिथे जाल तिथली रीत सांभाळा.
* घासून देणाऱ्यांशी कसं वागावं? नावाने आणि आदराने. शक्य असेल तर हातावर थोडी बक्षिशी ठेवावी. हे अंगमेहनतीचं काम आहे, तेही दिवसभर उष्णतेत.

भारतातून तीन-चार महिन्यांसाठी आलेल्या आई-सासूबाईंना इथे सगळ्यात जास्त काय खुपत असेल, तर एकटेपण. नातवंडं शाळेत, मुलगा-सून कामावर, बाहेर बर्फ. त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांना ऊब हवी असते आणि त्याहून जास्त, चार बायकांची सोबत हवी असते. प्रकृतीला चालत असेल तर त्यांना एकदा बायकांच्या दिवशी हमाममध्ये घेऊन जा. भाषा येत नसली तरी अडत नाही. पाठ घासून घ्यायला शब्द लागत नाहीत.

शेवटी

एक रोमन कल्पना अरबांनी सांभाळली, मुरांनी स्पेनला नेली, तुर्कांनी नांदवली, एका स्कॉटिश माणसाने वर्णिली, एका आयरिश डॉक्टरने बांधली, जर्मनांनी वाढवली आणि क्रॉइत्सबर्गच्या बायकांनी तिला तिचं नाव परत दिलं. आपल्याकडे ती बुऱ्हाणपूरपर्यंत येऊन गेली. या साखळीतल्या कुणा एकालाच मालक म्हणता येणार नाही. प्रत्येकाने आधीच्याकडून घेतलं आणि आपली थोडी भर घातली.

नावं विसरली गेली तरी पाणी तापतच राहिलं. दारं मात्र आपोआप उघडी राहत नाहीत. कुएन्कात वार ठरवून द्यावे लागले, महाडला तळ्यावर चालत जावं लागलं, म्युनिकला कुणीतरी घरं द्यावी लागली, बर्लिनला बंद कारखान्याचं कुलूप काढावं लागलं. पुढच्या वेळी एखाद्या शहरात हमामची किंवा रोमन-आयरिश स्नानाची पाटी दिसली, तर पाटीवर ज्यांचं नाव नाही त्यांचीही आठवण ठेवून आत जा. आणि जाताना शेजारच्या कुणा संकोची मैत्रिणीला, कुणाच्या एकट्या आईलाही सोबत घ्या. गरम पाण्याचा खरा आनंद सोबतीत आहे, हे अरबांना जितकं ठाऊक होतं तितकंच दिवाळीच्या पहाटे बंबाभोवती जमणाऱ्या आपल्या घरांनाही ठाऊक आहे.